दोन रेघांमधला स्तंभ

मी आयुष्यात फार मोठी पापं केली नाहीत. कुणाला मारलं नाही, कुणाचं लुबाडलं नाही. जे केलं ते एका शब्दानं केलं. तो शब्द मी आठवडाभर रोज, निळ्या पेन्सिलीनं खूण करत, माझ्या सख्ख्या बहिणीला सांगत होतो. आज पन्नाशी उलटली आहे आणि ती गोष्ट अजून मी कुणालाही नीट सांगितलेली नाही. ज्या एका माणसाला सांगितली, त्याला सांगायला सहा वर्षं उशीर केला.

नवीन राज्य होऊन एक-दोन वर्षं झाली होती. आमचं घर ब्राह्मणपुरीला; मी जवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होतो आणि सायकलनं जाऊन-येऊन करत होतो. वय सव्वीस. वडील वारले होते, शेत बटईनं दिलं होतं. घरात माय, मी आणि आक्का. मायचे गुडघे गेले होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लग्नानंतर तीन वर्षांत ती माहेरी परत आली. नवऱ्यानं दुसरी घरात आणली होती आणि आक्कानं तिथं राहायचं नाकारलं. गावात यावर जे बोलायचं ते बोलून झालं होतं. घरात आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

आक्का फायनल, म्हणजे सातवी, पास होती. आमच्या बाजूच्या मुलींत तेव्हा ते कमीच. तिचं वाचन चांगलं, हिशोब तोंडी. शेतातलं धान्य खळ्यावरून वाटणीसाठी अंगणात आलं की माप तीच धरायची. बटईदार दादर ज्वारीची पोती आणून टाकायचा आणि आक्का पाय दुमडून पायली भरू लागायची. पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. पायली काठोकाठ भरली की वर दाण्यांची निमुळती रास उभी राहते, ती शीग. मोजणी पायल्यांची. शीग मोजायची नसते. ती ज्याला द्यायचं त्याच्याकडं जाते आणि तिचा कुणी हिशोब ठेवत नाही. आक्काचा हात यात सैल होता. बटईदाराच्या वाट्याची पायली भरताना तिची शीग हमखास उंच. माय ओट्यावरून ओरडायची, "अवं, घर लुटाले काढं का?" आक्का हसायची आणि पुढची पायली भरायची.

त्या हिवाळ्यात शाळेत आलेल्या एका सरकारी पत्रकावर मी जाहिरात वाचली. घरोघर जाऊन माहिती गोळा करायची होती आणि बायकांशी बोलायला बायकाच हव्या होत्या, म्हणून स्त्री-गणकांच्या जागा काढल्या होत्या. फायनल पास चालणार होती. धुळ्याला लेखी परीक्षा. एक पेपर मराठीचा, एक अंकगणिताचा आणि एक 'आकडेवारीचा', त्यात स्तंभालेख वाचणं आणि संभाव्यतेचे सोपे प्रश्न. मी जाहिरात उतरवून घेतली आणि घरी आणून आक्काला वाचून दाखवली. खरं सांगायचं तर ती अर्ज करील असं मला वाटलंच नव्हतं. मी ती एक बातमी म्हणून आणली होती.

आक्कानं हात पुसले. कागद स्वतःच्या हातात घेतला. मग म्हणाली, "भाऊ, फारम कोठे भेटस?"

अर्ज गेला. मग अभ्यास सुरू झाला. मी शाळेतून चारच्या सुमारास यायचो. आक्का चहा करायची आणि आम्ही ओट्यावर बसायचो. मी पाटीवर आडव्या-उभ्या रेघा आखायचो. इतर वेळी घरात आम्ही अहिराणीतच बोलायचो, पण शिकवताना मी शाळेतली मराठी बोलायला लागायचो आणि आक्का तोंड दाबून हसायची. "गुरुजी उनात," म्हणायची, गुरुजी आले.

संभाव्यतेत ती मला मागं टाकेल असं पहिल्या आठवड्यातच दिसलं. पुस्तकात थैलीत लाल-पांढऱ्या गोट्या होत्या. आमच्याकडं गोट्या कुठल्या? आक्कानं लोट्यात तीन लाल गुंजा आणि पाच चवळीचे दाणे घातले, डोळे मिटून हात घातला आणि म्हणाली, "आठातल्या तीन येळा लाल." मग मी विचारलं, लागोपाठ दोन काढले तर दोन्ही लाल येण्याची संभाव्यता किती? तिनं मला उलट विचारलं, "पहिला दाना परत लोटामा टाकना का बाहेर ठेवना?" पुस्तकाच्या उत्तरात ते धरलेलं होतं, पण प्रश्नात लिहिलेलं नव्हतं आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

नाण्याचा धडा झाला तेव्हा ती आतून सारीपाटाच्या कवड्या घेऊन आली. नाणं पडलं तर छाप किंवा काटा, निम्मं निम्मं, हे तिला पटलं. कवडीचं पटेना. "कवडी नानागत पडत नही भाऊ. उघडी कमी पडस, पालथी जास्त." मी म्हणालो, पुस्तकात असं काही नाही. दुसऱ्या दिवशी मी आलो तर भिंतीवर कोळशाच्या रेघा, पाच-पाचाचे गठ्ठे. दुपारभर ती एक कवडी टाकत बसली होती. उघडी आणि पालथी यांच्यात चांगलाच फरक होता. मायला आता फारसं दिसत नव्हतं, पण कवडीचा आवाज तिला दिवसभर ऐकू गेला होता. ती म्हणाली, "लोटामा हात घालीसन दाना काढाना, कवड्या फेकान्या, नि सरकार पगार देई? सरकारनंच डोकं फिरेल शे."

मला आक्काचा अभिमान वाटला. आणि त्याच वेळी काहीतरी टोचलंही. शिकवणारा मी होतो, ओट्यावर गुरुजी मी होतो, आणि ती माझ्यापुढं दोन पावलं चालत होती. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नाही.

स्तंभालेख तिला सोपे वाटले. का, ते आता कळतं. मी पाटीवर पट्टीनं रेघा आखायचो, खाली शून्य, मग दहा, वीस, तीस, आणि स्तंभ काढताना सोयीसाठी बरोबर रेघेवरच थांबायचो. हा तीसचा, हा पन्नासचा. ती पटापट वाचायची. कुठला स्तंभ कुणाच्या दुप्पट, एकूण किती, शेकडा किती, सगळं तोंडी.

परीक्षेला दहा-बारा दिवस राहिले असताना शहाद्याच्या एका ओळखीच्या शिक्षकाकडून मला जुन्या प्रश्नांचं एक छोटं पुस्तक मिळालं. त्यात खरे स्तंभालेख होते, छापलेले. पाच गावांतल्या गुरांची संख्या. एकही स्तंभ रेघेवर थांबलेला नव्हता. पहिला चाळीसच्या वर, पन्नासच्या खाली, अर्ध्याहून थोडा जास्त.

त्या दिवशी मी पुस्तक घेऊन आलो तेव्हा आक्का खुशीत होती. चहा ठेवता ठेवता तिनं सांगितलं की सारंगखेड्याची तिची एक जुनी मैत्रीण धुळ्याला राहते आणि तिच्या शेजारी एक खोली रिकामी आहे. मैत्रिणीनं तसं पत्रच पाठवलं होतं. नोकरी लागली तर आक्का तिथं राहील, मैत्रिणीच्या सोबतीनं. "आन मायले सुटीमा देखाले येसू." येसू म्हणाली. म्हणजे पाहुणी म्हणून.

मी म्हणालो, "चांगलं शे." आणि पुस्तक उघडलं.

तोवर तिच्या जाण्याचा मी विचारच केला नव्हता. आता केला. संध्याकाळी सायकल अंगणात लावल्यावर घरात काय असेल ते मला दिसलं. माय खाटेवर, चूल गार, आणि ओट्यावर कुणी नाही. मला मित्र नव्हते. शाळेतले लोक शाळेपुरते. लग्नाचं बोलणं दोनदा येऊन मोडलं होतं. दिवसभरात माझ्याशी जे बोलणं होई ते ओट्यावरच, तासाभराचं. ते बोलणं मला एवढं लागतं हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

आक्कानं पुस्तक मांडीवर घेतलं. पहिल्या स्तंभावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "चाळीस."

मी तिच्याकडं पाहिलं. तिनं दुसऱ्यावर बोट ठेवलं. तो साठच्या बराच वर होता. "साठ." तिसरा, तीसच्या जरासा वर. "तीस."

मी विचारलं, "वर निघालेलं आहे, त्याचं काय?"

ती हसली. "माप भरनं, वर जे ऱ्हायनं ती शीग. वरनी शीग कोनी मोजस का?"

मग सगळं कळलं. माझ्या पाटीवर तिनं कधी दोन रेघांमधला स्तंभ पाहिलाच नव्हता. आज पाहिला, तेव्हा तिच्या हाताला लहानपणापासून जे ठाऊक होतं ते तिनं त्याला लावलं. रेघ म्हणजे पायलीचा काठ. वरचं ते मोजायचं नाही. तिच्यापुरता त्यात काहीच घोटाळा नव्हता. मी फक्त एवढं म्हणायचं होतं की आक्का, हे धान्य नाही, इथं शीगही मोजतात, दोन रेघांमधली जागा दहा भागांत वाटायची आणि कितव्या भागापर्यंत स्तंभ येतो ते बघायचं. दोन वाक्यं. तिला समजायला दोन मिनिटं लागली नसती.

आतून मायचा आवाज आला. ती स्वतःशीच बोलत होती की आमच्याशी, कुणास ठाऊक. "ती गई ते मन्हं कोन करी?"

मी पेन्सिल उचलली, आक्काच्या उत्तरांपुढं निळी खूण केली आणि म्हणालो, "बरोबर."

मायसाठी केलं, असं मी पुढं कैक वर्षं स्वतःला सांगत आलो. मायचा आवाज तेव्हाच आला हे खरं आहे. पण तो आला नसता तरी मी तेच म्हणालो असतो. तो आवाज मला सापडलेलं निमित्त होतं. मी माझ्यासाठी केलं.

एकदा म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी परत म्हणावं लागलं. तिसऱ्या दिवशी ते सोपं झालं. पुस्तकात उत्तरं मागं छापलेली होती. ती पानं मी ब्लेडनं काढून ठेवली आणि फाटकं पुस्तक मिळालं असं सांगितलं. मग स्तंभालेख कमी करत आणले आणि संभाव्यता वाढवली, कारण दाण्या-कवड्यांच्या प्रश्नांत मला खोटं बोलावं लागत नव्हतं. ती मन लावून सोडवत होती. कधी कधी मी मनात म्हणायचो, परीक्षेत तिला रेघेवरचेच स्तंभ येतील. आले तर ती पास होईल आणि मी सुटेन. मी तिच्या नशिबावर सोडतोय असं मला वाटायचं. ज्याच्या हातात लोटा आहे आणि ज्यानं आतले दाणे बदलले आहेत, त्यानं नशिबाचं नाव घेऊ नये, एवढं मला संभाव्यता शिकवताना समजायला हवं होतं.

परीक्षेला मीच तिला घेऊन गेलो. शहाद्याहून धुळ्याची एसटी. आक्का खिडकीशी बसली होती, डोक्यावरून पदर, मांडीवर पेन आणि दौत फडक्यात बांधलेली. तापी आली तेव्हा तिनं पाण्याकडं हात जोडले. माझ्याकडं वळून म्हणाली, "तू पन जोड. गुरुजीनी बी परीक्षा शे."

मी हात जोडले.

परीक्षा एका शाळेत होती. पंधरा-वीस बायका असतील, बहुतेक शहरातल्या. आक्का त्यांच्यात पाठ ताठ ठेवून आत गेली. मी फाटकाबाहेर एका चहाच्या टपरीपाशी बसलो. दोन पेपर सकाळी झाले, आकडेवारीचा दुपारी. त्या दुपारी मी किती चहा प्यायलो ते आठवत नाही. आत जाऊन कुणाला तरी सांगावं, निरोप पाठवावा, असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा मी फाटकापर्यंत गेलो. शिपायानं विचारलं, "काय पाहिजे?" मी म्हणालो, "काही नाही."

आक्का बाहेर आली ती हसत. "भाऊ, सम्दं सोडं!" सगळे प्रश्न सोडवले होते तिनं. संभाव्यतेचे चारही आले, एक फाशाचा होता तो तर कवडीइतका सोपा, असं ती म्हणाली. मग स्तंभालेखाकडं वळली. पाच तालुक्यांतल्या कापसाच्या गाठी. "एकबी रेघवर नव्हता. सम्दा स्तंभ रेघना वर निंघेल व्हतात. काढनारना हात सैल व्हता भाऊ, मन्हागत!"

मी हसलो. हसलो हे लिहायलाच हवं.

"पन एक गंमत व्हयनी," ती म्हणाली. "खाले छापेल व्हतं, एकूण गाठी अडीचशे. मन्ही बेरीज दोनशे वीस. तीनदा करी. मंग माले वाटनं, वरनं बी मोजानं का काय? मोजं ते बेरीज जमस का, असं मनमा उनं." मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, "पन तूच बरोबर म्हनेल व्हता ना. मंग मी लिखी टाकं, छापेल बेरीज चुकेल शे."

ती स्वतःहून तिथं पोचली होती. परीक्षेच्या खोलीत, एकटी, कुणी न शिकवता. दार तिनं शोधलं होतं आणि मग माझी निळी खूण आठवून ती मागं फिरली होती. परीक्षकांच्या छापील आकड्यावर तिचा विश्वास बसला नाही, माझ्यावर बसला.

तेव्हाही मी सांगू शकलो असतो. पेपर देऊन झाला होता, त्यानं काही बदललं नसतं, पण तिला कळलं असतं. मी म्हणालो, "असेल छापणाऱ्याची चूक." आणि आम्ही बसस्टँडकडं निघालो. वाटेत तिनं मला केळी घेऊन दिली.

निकाल दोन महिन्यांनी आला. यादीत तिचं नाव नव्हतं. गुण कुठंच दिलेले नव्हते. आक्कानं यादी दोनदा वाचली, घडी घातली आणि फळीवर डब्याखाली ठेवली. "शहरना बाया हुशार ऱ्हातस," एवढंच म्हणाली. मैत्रिणीला तिनं पत्र लिहिलं, खोली दुसऱ्या कुणाला दे म्हणून. पत्र टाकायला माझ्याकडंच दिलं.

तो एक प्रश्न सुटला असता तर ती यादीत आली असती का? हे मला कधीच कळणार नाही. कदाचित तिचं मराठी कमी पडलं असेल, कदाचित जागा आधीच ठरलेल्या असतील. मी यावर पुष्कळ विचार केला आहे, अगदी पाटीवर मांडून. संभाव्यता काढायची तर एकूण शक्यता किती ते ठाऊक असावं लागतं. मला ठाऊक नव्हतं. जे ठाऊक नाही त्याच्याआड लपायला किती सोय असते, हे मात्र मी त्या वर्षांत शिकलो. रात्रीची झोप लागायची ती 'कदाचित' या शब्दावर.

दोन-अडीच वर्षांनी तशाच जागा परत निघाल्या. जाहिरात या वेळी आक्कानंच पाहिली, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. मी म्हणालो, भर की अर्ज. मी खरंच म्हणालो. मनात ठरवलं होतं, या वेळी नीट शिकवीन, आणि मागचं काहीच सांगावं लागणार नाही. पण आक्कानं मान हलवली. "माले ती चित्रं जमत नही भाऊ. मन्हं ते डोकंच नही." दाण्यांचे प्रश्न माझ्याआधी सोडवणारी बाई हे म्हणत होती. मी आग्रह केला नाही. आग्रह करायचा तर का, ते सांगावं लागलं असतं.

आणि मग मीच गेलो. पंचायत समितीत सांख्यिकी सहाय्यकाची जागा होती. परीक्षा जवळपास तीच. स्तंभालेख आला, स्तंभ रेघांच्या मध्ये थांबलेले. मी पट्टीनं मोजून, दोन रेघांमधली जागा दहात वाटून, एकेक अचूक वाचला. मी निवडला गेलो. नेमणूक अक्कलकुव्याला.

ज्या एकटेपणाला भिऊन मी बहिणीला घरात ठेवलं, तो मला शासनाच्या खर्चानं मिळाला. हमरस्त्याच्या कडेला एक खोली होती. बाहेर दिवसभर गुजरातकडं जाणारे ट्रक. बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं उतरायची, आपल्या बोलीत बोलायची, मला एक शब्द कळायचा नाही आणि मी कुणाला ओळखायचो नाही. कचेरीत माझं काम आलेख काढायचं होतं. पाऊस, पेरा, जनावरांना टोचलेल्या लशी. मी हिरव्या-तांबड्या शाईनं स्तंभ भरायचो. साहेब म्हणायचे, तुमचे आलेख फार सुबक असतात. संध्याकाळी खोलीचं कुलूप काढताना पलीकडं कुणी नाही हे ठाऊक असूनही मी कडी वाजवायचो. का, ते सांगता येत नाही.

माय आणि आक्का ब्राह्मणपुरीतच. मायचं सगळं आक्काच करत होती. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. आक्का विचारायची, "कचेरीमा बाया काम करतस का रे?" मी म्हणायचो, एक-दोन आहेत.

माय वारली तेव्हा मी तेरा दिवस घरी राहिलो. आक्काची तब्येत उतरली होती. तेराव्यानंतर मी तिला म्हणालो, "आक्का, आता इथं एकटी कशाला राहतेस? माझ्याबरोबर अक्कलकुव्याला चल." तिनं एक दिवस विचार केला आणि हो म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी दुपारीच शहाद्याला जाऊन नवी बादली आणि दोन पातेली घेऊन आलो.

निघायच्या दिवशी सकाळी तिनं पत्र्याची पेटी भरली. लुगडी, एक शाल, मायचा फोटो. मी ओट्यावर बसलो होतो. पेटी भरता भरता ती आतून बोलत होती, बऱ्याच दिवसांनी मोकळेपणानं. "तठे माले काहीतरी काम देख भाऊ. घरमा बठीसन काय करू? तुन्हा कचेरीमा कागद लावाना बी चाली. फक्त ती चित्रं नको. मन्हं डोकं नही त्यामा, तुले ते माहीतच शे."

मला ते ऐकवेना. ही बाई माझ्या घरी येणार, माझी भाकरी थापणार, मी तिच्यासमोर बसून आलेख काढणार, आणि मरेपर्यंत ती म्हणत राहणार की माझं डोकं नाही.

मी आत गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शीग, खुणा, फाडलेली पानं, धुळ्याचं फाटक. मायचा आवाजही सांगितला आणि तो निमित्त होता हेही सांगितलं.

आक्का पेटीपाशी बसलेली होती. मी थांबल्यावर तिनं चुलीतला एक कोळसा घेतला आणि जमिनीवर आडव्या रेघा ओढल्या. त्यावर पाच स्तंभ काढले. सहा वर्षांपूर्वीचे, धुळ्याच्या पेपरातले. कोणता किती वर निघाला होता ते तिला आठवत होतं.

"दहा भाग करानात?" तिनं विचारलं.

"हो."

ती एकेकावर बोट ठेवत गेली. त्रेचाळीस. सत्तावन्न. छत्तीस. सहासष्ट. शेहेचाळीस. बेरीज करून म्हणाली, "दोनशे अठ्ठेचाळीस." मग, "याद करीसन काढात, दोन इकडं-तिकडं व्हनारच."

मी मनातल्या मनात बेरीज करून पाहिली. तीच आली.

"आते फारम भरता येई का?"

"वयाची अट आहे. पस्तीस."

"मन्हं कवय सरनं?"

"गेल्या वर्षी."

तिनं मान हलवली. मग विचारलं, "मायले माहीत व्हतं का?"

हो म्हटलं असतं तर निम्मं ओझं मायवर गेलं असतं, आणि माय आता कुठं विचारायला येणार होती? मी म्हणालो, "नाही. तिला काहीच माहीत नव्हतं."

"बरं," आक्का म्हणाली. पेटी उघडली आणि लुगडी एकेक बाहेर काढून परत खुंटीवरच्या दोरीवर घालू लागली. रागानं नाही. घडी नीट करून.

"आक्का, चल ना."

"मी येत नही."

"इथं एकटी..."

"एकटी ऱ्हासू." ती वळली नाही. "तुले सोबत जोयजे म्हनीसन तवय मी ऱ्हायनू. माले न सांगता ठेवं तू. आते मी सांगीसन ऱ्हास." मग नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "भाकरी बांधी देस. तुन्ही बस चुकी जाई."

तिनं भाकरी बांधून दिली, वर ठेचा दिला. नवी बादली आणि पातेली मी घेऊन जायचं विसरलो. ती पुढच्या खेपेला दारामागं जशीच्या तशी दिसली.

या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. मी अक्कलकुव्याहून दोन ठिकाणी बदलून परत अक्कलकुव्यालाच आलो. लग्न झालं नाही. आक्का ब्राह्मणपुरीतच आहे. सुटीत मी जातो. ती वाढते, शेताचं सांगते, गावातल्या गोष्टी सांगते, थट्टाही करते. कुणी बाहेरून पाहिलं तर भावा-बहिणीत काही कमी आहे असं म्हणणार नाही.

मागच्या खेपेला मी असतानाच तलाठ्याचा माणूस शेतासंबंधी एक नोटीस घेऊन आला. मी हात पुढं केला, म्हटलं, आण, वाचून सांगतो. आक्कानं चष्मा लावला. नोटीस सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली. मग परत पहिल्या ओळीपासून वाचली, आकड्यांवर बोट ठेवत. माणूस उभा होता, मी बसलो होतो, दोघं थांबलो. मग तिनं कागदावर सही केली आणि तो माझ्यासमोरून त्याच्या हातात दिला.